बोरीच्या ढोलीतली अळंबी

माणसानं डोंगरात फिरायला जावं, फुलं बघावीत आणि गपचूप घरी यावं. मला पहिल्या दोन गोष्टी जमल्या. तिसरी जमली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. आम्ही राहतो आखातात, अल बर्शात. तिथं चालायचं म्हणजे मॉलमध्ये चालायचं, आणि मॉलमध्ये चालायला गेलेला माणूस परत येताना हातात दोन पिशव्या आणि पोटात एक शावर्मा घेऊन येतो, असा माझ्यापुरता अनुभव. म्हणून थंडी पडल्यावर मी शनिवारी सकाळी गाडी काढून हट्टा गावाच्या बाजूच्या एका वादीत जायला लागलो. वादी म्हणजे डोंगरातला ओढा. पाऊस पडला तर वाहतो, एरवी दगड. आमचे शेजारी खैरुद्दीनभाई परकार मूळचे रत्नागिरीकडचे. ते म्हणाले, "साटविलकर, आमच्याकडे वाडीत माणसं राहतात. इथल्या वादीत कुत्रं नसतं. तुम्ही तिथं भेटता कोणाला?"

त्यांना काय सांगणार? यंदा जानेवारीत दोन दिवस पाऊस पडून गेला होता आणि इतकी वर्षं जिला मी नुसती वाळू समजत होतो तिच्यातून काहीबाही वर यायला लागलं होतं. दगडांच्या फटीत नखाएवढी जांभळी फुलं. साचलेल्या पाण्यावर लालभडक चतुर. कण्हेर तर अशी फुललेली, की कुणी मुद्दाम लावलीय असं वाटावं. एक काळा भुंगा पाय ताठ करून डोकं खाली आणि मागचा भाग वर अशा अवस्थेत उभा होता. मी त्याच्यासमोर बराच वेळ उकिडवा बसलो. आमच्या ऑफिसातल्या कुठल्याही मीटिंगमध्ये मी इतक्या एकाग्रतेनं बसलेलो नाही.

इथवर सगळं निष्पाप होतं. पुढं मी एका फुलाचा फोटो मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला.

फोटो काढला की नाव सांगणारं एक ॲप माझ्या मुलीनं, शिवानीनं, मला फोनवर घालून दिलं होतं. त्यातलं नाव बघून मी खाली लिहिलं, 'आजचं फूल'. लगेच तीस-चाळीस अंगठे आले. पुढच्या शनिवारी एक नाकतोडा आणि तो काळा भुंगा टाकला. स्वप्नाली, म्हणजे आमच्या मंडळाची सेक्रेटरी, तिनं लिहिलं, "सर, तुम्ही निसर्गतज्ज्ञ आहात हे माहीतच नव्हतं!" मलाही माहीत नव्हतं. पण ते खोडून काढायला हवं, असं त्या क्षणी मला वाटलं नाही, आणि माझ्या अधःपतनाची सुरुवात तिथं झाली.

अडचण अशी, की वादीत नेटवर्क नसतं. ॲप नुसतं गोल फिरत राहतं, आणि घरी येऊन जुना फोटो दाखवला तर तो त्याला चालत नाही. आणि ग्रुपवर लोक वाट बघत असतात. मग मी काही नावं स्वतःच दिली. एका पिवळ्या फुलाला 'वादीची सोनसळी' म्हटलं. एका पतंगाला 'वाळवंटी भालदार' म्हटलं.

"अहो, हे भालदार नाव कोणी ठेवलं?" प्रमोदिनीनं, म्हणजे बायकोनं, विचारलं.

"स्थानिक नाव आहे."

"अरबीत भालदार?"

मी विषय बदलला. बायकोला एखाद्या विषयाची गोडी नसली, की ती नेमके त्यातलेच प्रश्न विचारते.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी वादीच्या कडेला, खजुराच्या एका जुन्या बागेच्या कुंपणाला लागून, मला बोरीचं झाड दिसलं. म्हातारं, जाड खोडाचं. त्या खोडात छातीएवढ्या उंचीवर ढोली होती आणि ढोलीतून बाहेर ओसंडून आलेली, फुगलेली, गाठीगाठींची, नारिंगी-तपकिरी रंगाची एक अळंबी होती. अळंबी म्हणजे काय, परातीएवढी! वरून चकचकीत, जिथं तुटली होती तिथं आत बारीक बारीक छिद्रं. वाळवंटात, एवढ्या कोरड्या हवेत, एवढं मोठं भूछत्र! माझ्या अंगावर काटा आला. ॲप गोल फिरत होतं. मी म्हटलं, फिर बाबा. आज तुझी गरज नाही.

संध्याकाळी ग्रुपवर फोटो गेला. खाली मी लिहिलं, 'अत्यंत दुर्मिळ महाअळंबी. बहुधा या भागातली पहिलीच नोंद.' 'बहुधा' हा शब्द मी घातला होता, हे कृपया लक्षात ठेवावं. माझ्या बचावासाठी माझ्याकडे एवढाच शब्द आहे.

खैरुद्दीनभाई फोटो घेऊनच दारात आले. "माझी दादी असलीच अळंबी पावसाळ्यात आणायची. मी खाल्लीय. चव अजून जिभेवर आहे," ते म्हणाले आणि निघताना तो फोटो त्यांनी शारजातल्या रोल्लापर्यंत सगळ्या नातेवाइकांना पाठवला. रोल्लातच त्यांची मावसबहीण मुलीकडे राहायला आली होती. कुलसुमआपा. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचा निरोप आला: "फोटोवरून मी काही बोलत नाही. प्रत्यक्ष दाखवा."

झालं. स्वप्नालीनं मंडळाची निसर्ग सहल जाहीर केली. प्रमुख पाहुण्या कुलसुमआपा, मार्गदर्शक मी. सहलीच्या नावावरून समितीत तीन दिवस वाद चालला. 'भूछत्र दर्शन' नको, त्यात देवळाचा भास होतो, असं एकाचं म्हणणं. 'अळंबी महोत्सव' म्हटलं तर लोक जेवायला येतील, असं दुसऱ्याचं. शेवटी 'चला वादीत' ठरलं. एक बस भरली, दुसरी करावी लागली. शिवानी नववीत आहे. तिच्या शाळेत सायन्स प्रदर्शन होतं आणि तिनं विषय घेतला होता वाळवंटातली बुरशी. माझा फोटो तिनं आपल्या मिसना दाखवला.

"मिस काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"शी सेड इट्स इंटरेस्टिंग," ती म्हणाली आणि आपल्या खोलीत गेली. मुलगी भारावून गेलीय, असं मी धरून चाललो.

आणि स्वप्नालीनं आणखी एक काम केलं. ती वादी ज्या कार्यालयाच्या देखरेखीखाली होती तिथं तिनं मेल पाठवला: दुर्मिळ बुरशी आहे, गर्दी वाढतेय, कृपया संरक्षण द्यावं. पहिलं उत्तर आलं, मेल चुकीच्या विभागाला आलाय. दुसऱ्या विभागानं विचारलं, बुरशी वनस्पतीत येते की प्राण्यात? स्वप्नालीनं मला विचारलं. मी म्हटलं, "दोन्हींत नाही." त्यावर तिसऱ्या विभागानं फोन केला, झाडाचं ठिकाण विचारलं आणि दोनच दिवसांत त्या बोरीभोवती दोरी बांधून पाटी लावली. अरबी आणि इंग्रजीत: दुर्मिळ, हात लावू नये, दंड होईल. सरकारी कामाच्या झपाट्यानं माणसाचं नुकसान होऊ शकतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

आता माझी नोकरी सांगायची वेळ आली. इतका वेळ मी ती सांगितली नाही आणि मुद्दामच सांगितली नाही. मुसफ्फाच्या एका वर्कशॉपमध्ये मी एसी डक्टच्या कामांच्या खर्चाचं एस्टिमेशन करतो. थंड हवा नेणारे पत्र्याचे डक्ट, त्यांचं इन्सुलेशन आणि भिंतीतून डक्ट नेताना राहणाऱ्या फटी बुजवायला फोम. डब्याची नळी फटीत घालायची, बटण दाबायचं, पिवळसर फेस बाहेर येतो, फुगतो आणि कडक होतो. ते फोमचे डबे गेली कित्येक वर्षं मीच मागवतो. त्यांचा पार्ट नंबर मला झोपेत विचारला तरी सांगता येईल.

सहलीच्या आदल्या गुरुवारी मी वर्कशॉपच्या मागं भंगाराच्या ढिगाकडे गेलो होतो. तिथं एक जुनी दाराची चौकट पडली होती. उन्हात कित्येक महिने. चौकटीच्या कडेनं लावलेला फोम उन्हानं भाजून नारिंगी-तपकिरी झाला होता. फुगलेला. गाठीगाठींचा. वरून चकचकीत. तुटला होता तिथं बारीक बारीक छिद्रं.

मी वाकून नखानं टोकरलं. मग चष्मा काढून पुसला आणि परत बघितलं.

"सर, तबियत ठीक है?" फोरमननं विचारलं.

"ये क्या है?" मी विचारलं. मला एकच आशा होती, की तो म्हणेल अळंबी.

"फोम है सर. आपने ही तो ऑर्डर किया था."

बागेच्या मालकानं, झाडाला कीड लागू नये किंवा पाणी साचू नये म्हणून, ढोलीत डबाभर फोम मारला असणार. सरकारी माणसांनी दोरी बांधून पाटी लावली ती त्या फोमभोवती. आणि शनिवारी दोन बसगाड्या भरून लोक त्याच्या दर्शनाला येणार होते.

मी कोणालाही सांगितलं नाही. बायकोला सांगायला दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा चहा मागितला. शुक्रवारी ग्रुपवर लिहायला बसलो, 'एक छोटीशी दुरुस्ती'. पुढं काय लिहायचं? वीस वर्षं ज्या वस्तूवर आमची चूल पेटतेय ती वस्तू मला ओळखता आली नाही, हे मराठीत कुठल्याच शब्दांत बरं दिसेना. आणि शिवानीचं काय? तिनं शाळेत सांगितलंय. सगळ्या वर्गासमोर तिच्या बापाचं हसं होणार. शेवटी मी तो निर्णय घेतला, जो घाबरलेली माणसं घेतात. बस पोचायच्या आधी जायचं, अळंबी कापून आणायची आणि सांगायचं, 'अरेरे, कोणीतरी नेली.'

शनिवारी पहाटे मी स्वयंपाकघरातली सुरी पंच्यात गुंडाळून लिफ्टमध्ये शिरलो. लिफ्टमध्ये खैरुद्दीनभाई होते, मशिदीतून परत येत होते.

"सुरी?" ते म्हणाले. पंच्यातून टोक बाहेर आलं होतं.

"सहलीला. काकडी कापायला."

"सहल नऊला निघते. काकडी आत्ता कापता?" आणि मी काही म्हणायच्या आत ते माझ्याबरोबर पार्किंगमध्ये येऊन गाडीत बसले.

हट्टाचा रस्ता लागल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी खिडकीची काच खाली केली, परत वर केली. मग एकदम हसायला लागले, इतके, की सीटबेल्ट सैल करावा लागला. मग तितक्याच एकदम थांबले.

"पण मी सांगितलंय की मी खाल्लीय."

"हो."

"चव जिभेवर आहे म्हणालो मी. रोल्लात सगळ्यांना म्हणालो. कुलसुमला म्हणालो!" त्यांनी कपाळावर हात मारला. "यल्ला, साटविलकर. जोरात चालवा."

आम्ही पोचलो तेव्हा वादीत कोणी नव्हतं. दोरीखालून मी आत गेलो. खैरुद्दीनभाई पहाऱ्याला उभे राहिले, म्हणजे पाटीला टेकून फोनवर बघत राहिले. फोम कापायला सोपा असतो असं वाटतं, पण उन्हात भाजलेला फोम कापला जात नाही, त्याचा चुरा होतो. थोड्याच वेळात माझ्या पायांशी, बुटांत, शर्टाच्या खिशात, सगळीकडे नारिंगी चुरा. आणि निम्मी अळंबी अजून ढोलीत.

"या हबीबी!" मागून आवाज आला. "ये क्या करता?"

गार्ड होता. उंच, शांत चेहऱ्याचा माणूस. त्यानं आधी माझ्या हातातली सुरी बघितली, मग पाटी, मग परत मला.

"ये रेअर है," तो म्हणाला. "बोर्ड पढा नहीं?"

"पढा है. लेकिन ये असली नहीं है. फोम है."

"बोर्ड पर लिखा है रेअर."

"बोर्ड मेरी वजह से लगा है!"

तो विचारात पडला. "तुमने लगवाया. तुम ही काटता?"

माझी अवस्था अशी होती, की ती वस्तू दुर्मिळ आहे असं म्हटलं तर मी गुन्हेगार, आणि नाही म्हटलं तर गाढव. आयुष्यात पहिल्यांदाच मी अगदी जीव तोडून स्वतःला गाढव ठरवायचा प्रयत्न करत होतो आणि समोरचा माणूस ऐकायला तयार नव्हता. त्यानं ओळखपत्र मागितलं. मी खैरुद्दीनभाईंकडे बघितलं. ते एका दगडाकडे, जणू त्यात खनिज असावं असं निरखून बघत होते.

तेवढ्यात बसचे हॉर्न ऐकू आले. सहल नऊला निघणार होती. पण ऊन व्हायच्या आत पोचायचं म्हणून स्वप्नालीनं ती सातलाच काढली होती. तसा मेसेज तिनं रात्री उशिरा ग्रुपवर टाकलाही होता. ती दुरुस्ती अर्धवट सोडल्यापासून मी त्या ग्रुपकडे भीतीनं बघितलं नव्हतं.

सगळे आले. टोप्या, पाण्याच्या बाटल्या, मुलं, प्रमोदिनी. आणि सगळ्यांनी जे दृश्य पाहिलं ते असं: दोरीच्या आत मार्गदर्शक, हातात सुरी, अंगभर चुरा, शेजारी गार्ड. "अगंबाई, ही आपली सुरी," एवढं प्रमोदिनी म्हणाली.

कुलसुमआपा पुढं आल्या. ठेंगण्या, डोक्यावर ओढणी, गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग. गार्डला त्यांनी सलाम केला, विचारून आत आल्या, एक तुकडा उचलला. भिंगातून बघितला. दोन बोटांत चुरडला. मग वर बघून हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, म्हणाल्या, "साटविलकर, हे काय आहे ते तुम्ही सांगता, की मी सांगू?"

मी सांगितलं. फोम. डक्टच्या फटीत भरतात तो. मी स्वतः मागवतो तो. मग 'वादीची सोनसळी' आणि 'वाळवंटी भालदार' ही नावंही माझीच, हेही सांगून टाकलं, कारण एकदा पडायला लागल्यावर मध्येच थांबून उपयोग नव्हता. लोक हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले असते तर बरं झालं असतं. ते सगळे अत्यंत सभ्यपणे इकडेतिकडे बघायला लागले. एकानं आपल्या बुटाची नाडी सोडून परत बांधली.

"हां," गार्ड म्हणाला. त्याला आता पटलं. "तो ये प्लास्टिक है. प्लास्टिक नीचे गिराया. अभी सब उठाओ." आणि त्यानं गाडीतून एक काळी पिशवी आणून माझ्या हातात दिली.

कुलसुमआपांनी टाळी वाजवून लोकांना पुढं बोलावलं. "चला. ज्या वस्तूसाठी आलो ती नाही, पण वादी आहे ना?" आणि त्या सगळ्यांना घेऊन वर गेल्या. मी बोरीखाली उकिडवा बसून चुरा वेचत होतो. वरून त्यांचा आवाज येत होता, मुलांचे 'वॉव' येत होते, कोणीतरी दगडाखाली काहीतरी शोधलं होतं आणि आपा त्याचं खरं नाव सांगत होत्या. खैरुद्दीनभाईही त्यांच्यामागून गेले होते. आपांनी त्यांना जवळ बोलावून काहीतरी विचारलं तेव्हा त्यांचे कान लाल झालेले मला खालूनही दिसले.

थोड्या वेळानं शेजारी दोन बूट येऊन थांबले. शिवानी. ती खाली बसली आणि चुरा वेचायला लागली.

"तू जा ना वर," मी म्हटलं. मला तिच्याकडे बघवेना.

"इट्स ओके."

"तुझ्या प्रोजेक्टचं मी वाटोळं केलं. शाळेत तुझं हसं होऊ नये म्हणून मी हे, ही सुरी..."

"बाबा," ती म्हणाली, "तो फोटो प्रोजेक्टमध्ये नाहीये. आय टुक इट आउट. लाँग बॅक."

"का?"

तिनं दोन तुकडे पिशवीत टाकले. "मिसनी बघितलं आणि त्या म्हणाल्या, धिस इज फोम, डिअर. शी वॉन्टेड टु कॉल यू. आय टोल्ड हर नॉट टु."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"यू वेअर सो हॅपी," ती म्हणाली. "रोज डिनरला तेच सांगायचात. आय कुडन्ट."

दोन बस भरून माणसांसमोर मला जी लाज वाटली होती ती या दोन वाक्यांपुढं काहीच नव्हती. मी मुलीची अब्रू वाचवायला पहाटे सुरी घेऊन निघालो होतो आणि ती चौदा वर्षांची पोर इतके दिवस, एकही शब्द न बोलता, जेवताना माझ्यासमोर बसून माझी अब्रू सांभाळत होती. वरण वाढून घेत, मान डोलावत. मी म्हटलं, "त्या मुळापाशी अजून थोडा आहे." तिनं तो उचलला.

आम्ही पिशवी बांधून गार्डकडे दिली. त्यानं झाडाखाली वाकून तपासलं, माझ्या शर्टाच्या खिशाकडे बोट दाखवलं, तोही रिकामा करून घेतला आणि म्हणाला, "खलास. जाओ." दंड केला नाही. एवढी दया मला सहन होईना.

बसपाशी सगळे परतले होते. मी आपल्या गाडीकडे हळूच सटकत होतो, तेवढ्यात स्वप्नालीनं माईक सुरू केला. "आता आभारप्रदर्शन आणि मार्गदर्शकांचा सत्कार."

"स्वप्नाली, अगं, कशाला आता?" मी हात जोडले.

"सर, कार्यक्रमपत्रिकेत आहे," ती कावरीबावरी होऊन म्हणाली. "आणि शाल आणलीय. नारळपण. दुकानात परत घेत नाहीत."

लोकांनी मला पुढं ढकललं. दुपारच्या उन्हात कुलसुमआपांनी माझ्या खांद्यांवर लोकरीची शाल पांघरली, हातात नारळ दिला आणि कानाशी म्हणाल्या, "त्या काळ्या भुंग्याचा फोटो मात्र चांगला होता हं." टाळ्या सुरू झाल्या. आधी चार-दोन, मग खैरुद्दीनभाईंच्या, मग सगळ्यांच्या. प्रमोदिनी सुरी पदराआड धरून उभी होती म्हणून तिला वाजवता येत नव्हत्या. सगळ्यांत पुढं शिवानी होती. ती दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवत होती आणि ओरडत होती, "बाबा, लुक अप! फोटो!"

मला वर बघवत नव्हतं. पण ती थांबेना, म्हणून बघितलं.